सिग्नल माळ्यावर, प्रिंटर ओसरीत

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यात टॉवर दिसला म्हणजे नेट मिळालं, असं होत नाही. मध्ये सातपुड्याची एखादी सोंड आली की टॉवर समोर असूनही फोन मुका. अशाच एका पाड्यावर माझा एक शिक्षक मित्र राहतो. गावात त्याला सगळे गुरुजीच म्हणतात. पाड्यापर्यंत फायबर आलेली नाही. घरातले फोन, लॅपटॉप आणि प्रिंटर, सगळी भिस्त एका सिमकार्डावर.

हे नेट घरभर कसं फिरवतो, ते त्याने मला करून दाखवलं. सुरुवात झाली जागा शोधण्यापासून. फोनवरच्या काड्यांवर त्याचा विश्वास नाही. सेटिंग्जमध्ये सिमची माहिती उघडून तो सिग्नलचा आकडा बघतो. आकडा उणे असतो. शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला. ओसरीत उणे 118, माळ्यावरच्या झरोक्यापाशी उणे 97. सगळा फरक एवढ्यातच. गंमत म्हणजे जुन्या घराच्या कुडाच्या भिंतीतून सिग्नल सहज आत येतो, आणि हौसेने बांधलेल्या स्लॅबच्या खोलीत तो अडतो. पत्र्याचं छप्पर तर लहरी उलट परतवतं. पक्कं घर इथे नेटला महागात पडतं.

झरोक्यात फोन टांगून हॉटस्पॉट चालू केला की तो दोन कामं एकदम करतो. एकीकडे टॉवरशी फोर-जीवर बोलतो, दुसरीकडे घरातल्या प्रत्येक यंत्राला वायफायवरून स्वतंत्र पत्ता देतो. टॉवरला मात्र हे सगळं घर एकच फोन म्हणून दिसतं. या दुहेरी कामाने फोन तापतो. त्यात उन्हाळ्यात पत्र्याखालचा माळा. म्हणून लॅपटॉप एकटाच चालवायचा असेल तेव्हा गुरुजी फोन त्याला यूएसबी केबलने जोडतात. वायफायची दगदग वाचते, फोन चार्जही होत राहतो.

खरी अडचण प्रिंटरची. फोनचं वायफाय माळ्यावरून ओसरीपर्यंत जेमतेम पोचायचं, आणि गुरुजी बाहेर पडले की घराचं नेट त्यांच्या खिशातून जायचं. त्यावर त्यांनी एक साधा राउटर आणला. त्याच्या सेटिंगमध्ये ‘डब्ल्यूआयएसपी’ हा पर्याय होता. तो निवडला की राउटर फोनचं वायफाय पकडतो आणि स्वतःच्या नावाने पुढे वाटतो. आता प्रिंटर, लॅपटॉप कायम राउटरला जोडलेले. फोन नसला तरी छपाई अडत नाही. पत्नीच्या फोनवरच्या हॉटस्पॉटलाही त्यांनी तेच नाव, तोच पासवर्ड दिला. कोणाचाही फोन झरोक्यात ठेवा, राउटरला फरक कळत नाही. ही युक्ती मला सगळ्यांत आवडली. फक्त बँड 2.4 गिगाहर्ट्झचा ठेवायचा; 5 चा वेगवान असला तरी भिंतीपलीकडे लवकर दम तोडतो, आणि जुन्या यंत्रांना तो दिसतही नाही.

संध्याकाळी ओसरीत पोरं जमतात. “गुरुजी, वायफाय द्या ना!” द्यायला हरकत नसते, पण पॅक दिवसाला दीड जीबीचा. वायफाय दिसलं की फोनला वाटतं फुकटचं आहे, आणि अपडेट, व्हिडिओ आपोआप उतरू लागतात. जोडलेल्या प्रत्येक यंत्रात हे कनेक्शन ‘मीटर्ड’ म्हणून नोंदवलं नाही तर दिवेलागणीलाच डेटा संपतो आणि शाळेची माहिती भरायची राहते.

आधार क्रमांकांचं वाटप देशात पहिल्यांदा याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत, 29 सप्टेंबर 2010 रोजी झालं. पुढे रेशनपासून शिष्यवृत्तीपर्यंत सगळं ऑनलाइन झालं. डोंगरातल्या घरांना मात्र त्यासाठी अजून झरोका शोधावा लागतो.

तुमच्या घरी अशी सोय करायची असेल तर राउटर विकत घेण्याआधी फोन हातात घेऊन घरभर फिरा आणि आकडा बघा. अधूनमधून लागणाऱ्या नेटला हॉटस्पॉट पुरतो. रोजचं काम असेल तर सिम घालायचा राउटर घ्या आणि फोनला माळ्यावरून खाली येऊ द्या.