गिऱ्हाईक दारात येण्याआधी
वडखळला मुंबई-गोवा महामार्गावरून अलिबागचा रस्ता फुटतो. या नाक्याच्या आसपास घर विकायचं, तर दर्शनी भागाचे वैरी दोन: उन्हाळ्यात रस्त्याची धूळ, पावसाळ्यात शेवाळ. म्हणून आधी पायऱ्या आणि ओटा कडक ब्रशने घासा. निसरड्या पायरीवर गिऱ्हाईक घराकडे नव्हे, स्वतःच्या पायांकडे बघतं. दमट हवेने फुगलेलं दार रंधा मारून नीट बसवा, करकरणाऱ्या बिजागऱ्यांना तेल द्या. चपलांचा ढीग, फुटक्या कुंड्या, सायकल मागच्या दारी न्या. ओल आलेल्या भिंतीवर नुसता रंग चढवू नका; पोपडे निघतात आणि शंका वाढते. आधी गळती बुजवा. मग उंबरठ्यापाशी छोटी रांगोळी, दारावरचा चालू दिवा आणि वाचता येईल असा घरक्रमांक, एवढं पुरे.