भीतीची यादी करा

कल्याणमध्ये 1865 साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी 1883 मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्या अठराच्या होत्या. जाण्यापूर्वी बंगालमधील सेरामपूर येथे त्यांनी भाषण केले. लोक विचारत असलेले प्रश्न त्यांनी स्वतःच मांडले: भारतात सोय नाही का? एकटी का जातेस? समाजाने वाळीत टाकले तर? संकट आले तर? मग एकेकाचे उत्तर दिले.

ही रीत आजच्या मानसशास्त्राशी जुळते. अपयशाची धास्ती असलेली माणसे अगदी सोपे किंवा अगदी अशक्य काम निवडतात, अशी मांडणी मानसशास्त्रज्ञ जॉन अ‍ॅटकिन्सन यांनी 1957 मध्ये केली. सोप्यात हरण्याचा धोका नसतो आणि अशक्यात हरलो तर कोणी बोल लावत नाही. एडविन लॉक आणि गॅरी लेथम यांच्या संशोधनानुसार, ‘जमेल तेवढे करू’ यापेक्षा नेमके आणि अवघड ध्येय अधिक काम करवून घेते. मात्र त्यासाठी लागणारे कौशल्य आणि मनापासूनची बांधिलकी हवी. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांचा उपाय सोपा आणि आनंदीबाईंच्या रीतीशी मिळताजुळता आहे: ‘अमुक घडले, तर मी तमुक करीन’ हे आधीच ठरवायचे. त्यामुळे ऐनवेळी मन गोंधळत नाही.

आनंदीबाई 1886 मध्ये फिलाडेल्फियातून डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षी क्षयाने त्यांचे निधन झाले, पण ठरवलेली पदवी त्यांनी मिळवली होती.

डोंबिवली लोकलमध्ये अभ्यास करणाऱ्या परीक्षार्थींनो, ध्येयाखाली तुमच्या शंकाही लिहा आणि प्रत्येकीपुढे एक उत्तर लिहा.