भिंतीवर बुरशी? आधी पाणी शोधा!

बालमित्रांनो, आषाढ-श्रावणात कपाट उघडलंत की कसा वास येतो? कुबट! चामड्याच्या पट्ट्यावर पांढरट-हिरवा थर, दप्तराच्या कोपऱ्यात काळे ठिपके आणि पलंगामागच्या भिंतीवर तर काळपट नकाशाच उमटलेला! आपल्या कोकणात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेव्हा हे घरोघरी दिसणारच. आजी म्हणते, "बुरा आलाय, पुसून टाक." तुम्ही पुसता आणि आठ-पंधरा दिवसांत तो पुन्हा हजर!

असं का होतं? बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे तरंगत असतात. साध्या डोळ्यांना ते दिसत नाहीत. कागद, लाकूड, चामडं, भिंतीवरची धूळसुद्धा त्यांना खायला चालते. अडतं फक्त पाण्यावाचून. एखादी वस्तू 24 ते 48 तास ओली राहिली, की बुरशी रुजलीच म्हणून समजा. म्हणजे पुसल्याने डाग जातो, पण ओल राहिली तर बुरशीही राहते.

मात्र प्रत्येक डाग बुरशीचा नसतो हं! भिंतीवर पांढरी, कापसासारखी भुकटी फुललीय? तो बहुधा लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेला क्षार. त्यावर पाण्याचा थेंब टाका. क्षार विरघळेल, बुरशी विरघळणार नाही. देवघराच्या वरचा काळेपणा निरांजनाच्या काजळीचाही असू शकतो.

आता एक गमतीचा प्रयोग. ओलसर भिंत कोरड्या फडक्याने पुसा. प्लॅस्टिकचा वीतभर चौकोनी तुकडा तिच्यावर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा. दोन दिवसांनी काढून पाहा. भिंतीकडची बाजू ओली असेल तर पाणी भिंतीतून येतंय. गच्चीची भेग, फुटका नळ, तुंबलेली पन्हळ तपासायला हवी. खोलीकडची बाजू ओली असेल तर दमटपणा घरातल्या हवेत आहे. मग दोरीवर वाळत घातलेले कपडे आणि स्वयंपाकाची वाफ यांच्याकडे बघा. पावसाने उघडीप दिली की खिडक्या उघडा, पंखा लावा, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. डांबराच्या गोळ्यांनी कसर पळते, ओल नाही.

पालकांनो, आता थोडं तुमच्याशी. वर्गात जून ते सप्टेंबर सतत खोकणारी मुलं मी दरवर्षी बघते. प्रत्येकाचं कारण बुरशीच असतं असं नाही, पण ओलसर घरात दमा आणि खोकला बळावतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली स्पष्ट सांगितलं आहे. मुलाचा पलंग त्याच भिंतीला लागून असेल तर आजच हलवा आणि खोकला थांबत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. गणपतीआधी रंगाचा हात मारून डाग झाकायची आपल्याकडे पद्धत आहे. आत ओल असेल तर दिवाळीपर्यंत त्याच रंगाचे पोपडे पडतात! त्यापेक्षा जुन्या घरांतली चुन्याची सफेदी बरी. ताज्या चुन्यावर बुरशी सहसा धरत नाही.

डाग काढायचं काम मोठ्यांचं. नाका-तोंडावर फडकं बांधा. कोरडा ब्रश मारू नका, बीजाणू घरभर उडतात. साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा आणि भिंत पंख्याखाली खडखडीत वाळू द्या. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचं ॲसिड चुकूनही एकत्र करू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

आणि मुलांनो, तुमचं काम वेगळंच! पुसायच्या आधी ओलीच्या डागाभोवती शिसपेन्सिलीने रेघ ओढा. शेजारी तारीख लिहा. दर रविवारी बघा. डाग रेघ ओलांडून पुढे सरकला, तर पाणी अजून येतंय. पाऊस संपल्यावर गवंडीकाका आले, की आधी ती रेघ त्यांना दाखवा.