ओजिमातील गॅलरी, गांजाचे रोप आणि नोंदवही

ओजिमातील मराठी घरांच्या गॅलरीत तुळस, कढीपत्ता, कोथिंबीर यांच्या कुंड्या दिसतात. जपानी शाळेत पहिलीत गेलेले मूल ‘आसागाओ’चे बी पेरून निरीक्षणवही भरते : अंकुर कधी फुटला, फूल कोणत्या रंगाचे आले. कॅनडा वा जर्मनीत स्थायिक झालेले काही परिचितही अशीच वही ठेवतात. मात्र त्यांचे रोप गांजाचे असते. कॅनडात २०१८ पासून बहुतेक प्रांतांत घरटी चार, तर जर्मनीत एप्रिल २०२४ पासून प्रौढ व्यक्तीमागे तीन रोपे कायद्याने चालतात. पेरणीची तारीख, पाणी, खत, कापणीनंतरचे वजन यांची नोंद तिथे उपयोगाची ठरते. रोपे मर्यादेत आहेत हेही तीच वही सांगते.

ओजिमात हा छंद आणला तर काय होईल?

जपानमध्ये घरगुती लागवडीची मुभा एकाही रोपाला नाही. १२ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या सुधारित कायद्यानुसार विनापरवाना लागवडीस एक ते दहा वर्षे कारावास आहे. नफ्याचा हेतू सिद्ध झाल्यास शिक्षा अधिक कडक होते, शिवाय ५० लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. पूर्वी गुन्हा नसलेले सेवनही आता सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेस पात्र आहे. अशा स्थितीत हौसेने लिहिलेली वही, किंवा फोनमधील तारीखवार छायाचित्रे, लागवड कधी सुरू झाली आणि किती पीक निघाले याचा स्वहस्ते लिहिलेला जबाबच ठरतात. वजनापुढे रक्कम लिहिलेली असेल, तर हेतूचा प्रश्नही उपस्थित होतो.

मात्र याच देशात गांजाच्या झाडाची नोंद ठेवणे काहींना बंधनकारक होते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. १९४८ च्या कायद्याने परवानाधारक शेतकऱ्यास दरवर्षी ३० जानेवारीपर्यंत मागील वर्षाचे लागवडक्षेत्र आणि काढलेल्या धाग्याचे प्रमाण राज्यपालांना कळवावे लागे. हा धागा देवळांतील शिमेनावा दोरांसाठी लागतो. त्यासाठी तोचिगी प्रांतात नशा न आणणारा वाण जोपासला जातो. १९५४ मध्ये असे शेतकरी ३७ हजारांहून अधिक होते. अलीकडे ते तीसच्या आसपास उरले. उदोनवर भुरभुरायच्या शिचिमी मसाल्यातही याच झाडाचे बी असते, पण ते उगवू नये अशी प्रक्रिया करूनच आयात होते. मसाल्याच्या डबीतून कुंडी भरण्याची कल्पना कुणाला सुचत असेल, तर ती तिथेच सोडावी.

परदेशी नागरिकाच्या बाबतीत तुरुंगापुढचे परिणाम अधिक दूरगामी आहेत. अमली पदार्थांच्या गुन्ह्यात दोषी ठरल्यास, शिक्षा स्थगित झाली तरी, देशाबाहेर काढले जाऊ शकते आणि पुनर्प्रवेश मुदतीविना नाकारला जाऊ शकतो. कायम वास्तव्याचा परवानाही त्यातून वाचवत नाही. कुटुंबाचा व्हिसा नोकरदार व्यक्तीवर अवलंबून असेल, तर मुलांची शाळाही सुटते. १९८० मध्ये नारिता विमानतळावर सुमारे २०० ग्रॅम गांजासह पकडलेले पॉल मॅकार्टनी नऊ रात्री कोठडीत काढून परत पाठवले गेले. ख्यातकीर्त गायकाची ही गत, मग कंपनीच्या पत्रावर आलेल्या अभियंत्याचे काय?

भारतात भांगेच्या पानांना कायद्यात वेगळी वागणूक असली तरी, १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली विनापरवाना लागवडीस दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहेच. म्हणजे होळीतल्या थंडाईच्या आठवणीने जपानी कायद्याचा अंदाज बांधणे धोक्याचे.

कॅनडा-अमेरिकेतून येणाऱ्या पाहुण्यांच्या सामानातील सीबीडी तेलाकडेही लक्ष द्यावे. त्यातील टीएचसीची जपानी मर्यादा तेलासाठी दशलक्षांत १० भाग आहे. तिकडच्या दुकानात खुलेआम मिळणारी बाटली ती सहज ओलांडू शकते.