काचेच्या टाकीतील कोळंबीचा संसार

कोळंबी म्हटली की प्रथम कालवणाचे स्मरण व्हावे, हे स्वाभाविक आहे. परंतु आज आम्ही जिच्याविषयी लिहीत आहोत, ती चुलीवरची नव्हे. तैवान व चीनकडील गोड्या पाण्यात राहणारी ही जात जेमतेम इंचभर लांबीची. शौकीन मंडळी तिला चेरी श्रिम्प म्हणतात. मूळचा तिचा रंग मातकट. पाळणाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या निवड करून तिला लाल केले. जपानी अमानो कोळंबीच्या पिलांना वाढीसाठी मचूळ पाणी लागते; हिची पिले मात्र गोड्या पाण्यातच वाढतात. म्हणून घरच्या टाकीतही तिचा वंश चालतो. अट एकच : पाळणाऱ्याने उतावीळ होता कामा नये.

टाकी भरताच कोळंबी आणून सोडणे म्हणजे तिला मृत्यूच्या स्वाधीन करणे होय. विष्ठेपासून व उरल्या अन्नापासून पाण्यात अमोनिया तयार होतो. काही सूक्ष्म जंतू त्याचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करतात. पहिले दोन पदार्थ अल्प प्रमाणातही घातक आहेत, आणि हे उपकारक जंतू टाकीत नांदू लागण्यास 4 ते 6 आठवडे जातात. तोवर टाकीत पाणवनस्पती वाढू द्याव्यात. गाळणी स्पंजाची असावी, म्हणजे पिले तीत ओढली जात नाहीत. नळाचे पाणी क्लोरीन उडून गेल्यावरच घालावे. मात्र ते तांब्याच्या हंड्यातले नको. तांबे कोळंबीला विषच आहे. डासांवरचे फवारेही दूर ठेवावेत.

मादी कात टाकते, नराशी तिचा समागम होतो, आणि सुमारे 20 ते 30 अंडी ती पोटाखालच्या पायांत धरून ठेवते. तीन-चार आठवडे ती त्यांना अखंड वारा घालीत असते. मग दोन मिलिमीटरची पिले बाहेर पडतात, ती हुबेहूब आईसारखी! टाकलेली कात मृत कोळंबी समजून फेकू नये. तीही खाल्ली जाते. उकडलेल्या पालकाचा तुकडा व जंगली बदामाचे वाळके पान एवढ्यावर त्यांचे भागते. उरलेले अन्न मात्र काढावे, आणि आठवड्याला दशांश पाणी हलक्या हाताने बदलावे.

इंदूर-ग्वाल्हेरकडील उन्हाळ्यात विशेष जपावे. पाणी 30 अंशांवर चढल्यास धोका असतो. टाकी सावलीत ठेवून पाण्यावर पंख्याचा वारा सोडल्यास ते निवते.

संसार वाढला म्हणून जास्तीची कोळंबी ओढ्यात सोडण्याचा मोह होईल. ती दया नव्हे. जर्मनीत वीजकेंद्राच्या कोमट पाण्याने तापलेल्या एका ओढ्यात हीच परकी जात स्थायिक झालेली आढळली आहे. आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांना स्वतःची कोळंबी आहे. तिच्या घरात उपरे पाहुणे घुसवू नयेत. जास्तीची पिले दुसऱ्या शौकिनाला द्यावीत. मुलांच्या हाती ही टाकी सोपविताना, आणलेल्या जिवाची जबाबदारी आपलीच, एवढे त्यांना अवश्य शिकवावे.