रायफल घ्यायचा विचार आहे? आधी परवाना कसला आहे ते बघा



भात पोटरीत येतंय आणि गिर्ये-रामेश्वरपासून पडेल-वाघोटणपर्यंत रानडुकरांचा विषय परत निघालाय. त्याबरोबर एक प्रश्न बरेच सभासद विचारतात: "ठासणीच्या बंदुकीने भागत नाही. कमी किमतीची, आटोपशीर, बोल्ट ॲक्शन रायफल कुठली घ्यावी?"

थोडक्यात उत्तर असं: *शेतीसंरक्षणाच्या परवान्यात रायफल बसत नाही.* बसली असती तरी आपल्या सड्यावर ती सोयीची नाही. का, आणि मग काय घ्यावं, ते खाली सांगतो. मेसेज लांब आहे, पण कोणाला ॲडव्हान्स देण्याआधी पूर्ण वाचा.

*१) फरक नळीत आहे*

रायफलच्या नळीत आतून पिळदार खाचा असतात. त्यामुळे गोळी गरगर फिरत, सरळ आणि खूप लांब जाते. आपली ठासणीची बंदूक आणि बारा बोअरची बंदूक या दोन्हींची नळी आतून गुळगुळीत असते. त्यातून छर्रे जातात. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसल्या तरी कायद्याने त्या वेगवेगळ्या आहेत.

*२) कायदा काय सांगतो*

शस्त्र अधिनियम १९५९, कलम १३. त्यात शेतीसंरक्षणासाठी पहिलं नाव ठासणीच्या बंदुकीचं आहे. ठासणीची बंदूक पुरेशी नाही अशी परवाना अधिकाऱ्यांची खात्री पटली, तर ते दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मंजूर करू शकतात. तिची नळी किमान २० इंच हवी. रायफल यात कुठेच नाही. रायफलसाठी वेगळं, सबळ कारण द्यावं लागतं आणि निर्णय पूर्णपणे अधिकाऱ्यांच्या हातात असतो.

"आटोपशीर" म्हणून नळी कापून घेण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. २० इंचापेक्षा कमी नळी झाली की ती बंदूक वेगळ्या, निर्बंधित वर्गात जाते. नळी कापणं हाच मुळात गुन्हा आहे.

*३) तरी रायफलची माहिती असू द्या*

बोल्ट ॲक्शन म्हणजे दांडी वर उचलून मागे ओढायची, रिकामं काडतूस बाहेर पडतं. पुढे ढकलली की नवीन काडतूस नळीत जातं, आणि दांडी खाली केली की कुलूप बसतं. भाग कमी, बिघाड कमी. बोल्ट उघडा ठेवला की बंदूक रिकामी आहे का ते डोळ्यांनी दिसतं. म्हणून लोकांना ती आवडते.

आपल्याकडे सरकारी कारखान्याची .३१५ बोअरची रायफल सगळ्यात माहितीची. ती पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या फॅक्टरीत तयार होते. २०२१ च्या ऑक्टोबरपासून हा कारखाना 'ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया लिमिटेड' या सरकारी कंपनीकडे आहे. दुसरी .२२ बोअरची, हलकी आणि हाताळायला सोपी. पण तिची छोटी गोळी डुकराला नीट मारत नाही. जखमी डूकर झुडपात शिरतं आणि मागे जाणाऱ्या माणसावर उलटतं. .३०३ चा तर विचारच नको, तो लष्करी बोअर असल्यामुळे सामान्य नागरिकाला मिळत नाही.

*४) आपल्या सड्यावर रायफल का नको*

अंतराचा हिशोब करा. .२२ ची एवढीशी गोळी सुद्धा दोन किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते. .३१५ ची त्याहून लांब. आपल्याकडे एका बागेपलीकडे वाडी, वाडीपलीकडे रस्ता, खाली खाडीत होड्या. शिवाय कातळ! कातळावर आपटलेली गोळी उसळून कुठल्या दिशेला जाईल ते सांगता येत नाही. आणि डूकर येतं रात्री, तेव्हा मागे काय आहे ते दिसतच नाही.

बारा बोअरच्या छर्ऱ्याचा उपयोगी पल्ला साधारण ३५ ते ४० मीटर. भाताच्या कुणग्यात किंवा बागेच्या गडग्याजवळ एवढंच अंतर असतं. पण म्हणून बेफिकीर राहू नका. मोठा छर्रा अर्ध्या किलोमीटरच्या पुढेही जाऊ शकतो.

*५) मग घ्यायचं काय?*

ज्यांची ठासणी चांगली आहे आणि काम भागतंय, त्यांनी खर्चात पडू नये. ज्यांचं भागत नाही त्यांच्यासाठी *बारा बोअर, एकनळी* हीच कमी खर्चाची आणि आटोपशीर बंदूक. घेताना हे बघा:

✅ बंदूक मोडून (उघडून) नळी उजेडाकडे धरा. आत चकचकीत हवी. खड्डे, गंज, फुगवटा दिसला तर परत द्या.
✅ बंद केल्यावर सांधा हलता कामा नये. जुन्या बंदुकीत हाच भाग आधी ढिला होतो.
✅ खांद्याला लावून बघा. दस्ता लांब असेल तर अंगावरच्या कपड्यात अडकतो आणि नेम चुकतो. आटोपशीरपणा दस्त्यात बघा, नळीत नको.
✅ नळीवरचा नंबर आणि चाचणीचा शिक्का बघा. नंबर परवान्यावर चढतो, एक आकडा चुकला तरी पुढे त्रास.
✅ किंमत विचारताना फक्त बंदुकीची नको. परवाना शुल्क, नूतनीकरण, काडतुसं, तेल-सळई आणि कुलपाचं कपाट धरून हिशोब करा.

जुनी बंदूक स्वस्त पडते, पण व्यवहार परवानाधारक दुकानदारामार्फत आणि नोंदीसहच. हातोहात व्यवहार अजिबात नको.

*६) अर्ज कसा करायचा*

परवाना अधिकारी जिल्हाधिकारी, सिंधुदुर्गनगरी. अर्ज गृह मंत्रालयाच्या शस्त्र परवाना पोर्टलवर, मग पोलीस चौकशी. सातबारा, ओळखपत्र, वैद्यकीय दाखला, बंदूक सुरक्षित ठेवण्याची सोय हे सगळं लागतं. वय किमान २१.

"ठासणी पुरत नाही" एवढं लिहून काम होत नाही. *कारण लिहा*: पावसात दारू दमते आणि बार फुसका जातो, एक बार झाल्यावर परत ठासायला वेळ लागतो, तोवर कळप शेत उलथून जातो. सोबत मागच्या नुकसानीचे पंचनामे आणि वनविभागाकडच्या भरपाई अर्जाच्या प्रती जोडा. अधिकाऱ्यांची खात्री कागदाने पटते. म्हणून नुकसान झालं की दरवेळी अर्ज करा, रक्कम थोडी असली तरी. पीक नुकसानीची तक्रार *३ दिवसांच्या आत* वनविभागाकडे द्यायची असते.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना ५ वर्षांसाठी असतो आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोन शस्त्रं ठेवता येतात. वडिलांच्या नावावरची बंदूक ते गेल्यावर तशीच माळ्यावर ठेवू नका. लगेच विजयदुर्ग पोलीस ठाण्यात कळवून जमा करा आणि वारस म्हणून अर्ज करा. विनापरवाना बंदूक सापडली तर शिक्षा किमान २ वर्षं. बंदूक आजोबांची होती हे कारण तिथे चालत नाही.

*७) बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे*

इथेच जास्त लोक अडकतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ वेगळा. रानडूकर पिकाचं नुकसान करत असेल तरी मारायला *वनविभागाची लेखी परवानगी* लागते. अर्ज वनक्षेत्रपालांकडे करायचा. मारलेलं जनावर सरकारी मालमत्ता, मांस घरी आणणं गुन्हा.

❌ गवा आणि मोर पहिल्या अनुसूचीत आहेत. शिक्षा ३ ते ७ वर्षं.
❌ माकड-वानरांवरही बार नको. छर्ऱ्याची एअरगन विनापरवाना मिळते म्हणून ती वापरणारे आहेत, पण जनावराला जखमी करणं हीसुद्धा कायद्याने शिकारच.
❌ सापळ्याची बंदूक, गावठी बॉम्ब, कुंपणात थेट वीज: यात आपलीच माणसं आणि गुरं मरतात.

आवाजाचा बार, राखण, सौर कुंपण हे उपाय आधी. बंदूक शेवटी.

*८) खारी हवा बंदूक खाते*

काळ्या दारूची काजळी ओल ओढते. ठासणी वापरली की त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुवा, पूर्ण सुकवा, मग तेल फिरवा. पावसाळ्यात वापरली नाही तरी आठवड्यातून एकदा तेलाचं फडकं मारा. कापडी किंवा चामडी पिशवीत ठेवू नका, ओल आत कोंडते. बंदूक एका कुलपात, काडतुसं-दारू दुसऱ्या.

ठासताना तोंड किंवा हात नळीसमोर नको. बार उडाला नाही तर नळी मोकळ्या जागेकडे धरून एक मिनिट थांबा, लगेच बघायला जाऊ नका. दोनदा दारू भरली गेल्याने नळी फुटते, म्हणून सळईवर खूण करून ठेवा: रिकामी नळी असताना कुठपर्यंत जाते आणि भरल्यावर कुठपर्यंत. खूण जुळली नाही तर बार काढू नका.

परवान्यात लिहिलेल्या हद्दीबाहेर बंदूक नेऊ नका, आणि ज्याचं नाव परवान्यात नाही त्याच्या हातात देऊ नका. सख्खा भाऊ असला तरी.

*शेवटचं:* निवडणुकीच्या काळात बंदूक जमा करायची नोटीस आली तर जिल्ह्याची छाननी समिती प्रत्येक परवान्याचा विचार करते. शेतीला गरज असेल तर तिथे लेखी अर्ज द्या. नोटिशीकडे दुर्लक्ष करू नका.

अर्जातली कारणं लिहायला मदत हवी असेल तर सातबारा आणि पंचनाम्याच्या प्रती घेऊन कंपनीच्या कार्यालयात या. एकत्र बसून लिहू. हा मेसेज आपल्या वाडीतल्या परवानाधारकांना पाठवा.

– कृषी मार्गदर्शक, आपली शेतकरी उत्पादक कंपनी, विजयदुर्ग