साठवलेली वीज – भाग ७ : नवा सेल, पण किती नवा?

शिसे-आम्लाच्या बॅटरीशी आपल्या घरांचा जुना सराव आहे, आणि लिथियमचे सेल तपासताना नेमका तोच आडवा येतो. इन्व्हर्टरवाला घरी यायचा, मल्टिमीटर लावायचा, बारा पॉइंट सात दिसले की ‘फुल आहे’ म्हणायचा, साडेअकरा दिसले की मान हलवायचा. हायड्रोमीटर बुडवून आम्लाची घनता पाहिली की उरलीसुरली शंकाही मिटायची. हे निदान बहुतेक वेळा बरोबर यायचं, कारण त्या बॅटरीचा व्होल्टेज चार्ज उतरेल तसा खाली येतो. आता तोच मल्टिमीटर लिथियम आयर्न फॉस्फेटच्या, म्हणजे एलएफपीच्या सेलला लावा. ३.२९. शेजारच्याला लावा. ३.२९. सोळाच्या सोळा सेल ३.२९ दाखवतात आणि घेणारा खूश होतो. खरं तर त्या आकड्यावरून त्याला फारसं काही कळलेलंच नसतं.

गेल्या भागात आपण पॅक कसा बांधतात ते पाहिलं. पण पॅक बांधायच्या आधी एक काम असतं आणि ते टाळण्याकडेच सगळ्यांचा कल असतो. खोक्यातून निघालेला सेल ठेवायचा की परत पाठवायचा, हे ठरवण्याचं काम. उदाहरणादाखल आपण सध्या घरगुती साठवणुकीत सर्रास दिसणारा २८० एएचचा (अँपिअर-तासांचा) चौकोनी सेल घेऊ. ॲल्युमिनियमचा डबा, वर निळं प्लास्टिकचं वेष्टण, वजन सुमारे साडेपाच किलो, नाममात्र व्होल्टेज ३.२. असे सोळा सेल एका माळेत जोडले की ५१.२ व्होल्टचा, सव्वाचौदा युनिट साठवणारा पॅक होतो.

व्होल्टेज मुका का, याचं उत्तर या पदार्थाच्या स्वभावातच आहे. १९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन इथल्या प्रयोगशाळेतून अक्षय पाढी, के. एस. नंजुंदस्वामी आणि जॉन गुडइनफ यांचा या पदार्थावरचा शोधनिबंध आला. (गुडइनफ यांना २०१९ चं नोबेल वयाच्या ९७ व्या वर्षी मिळालं, पाढी आणि नंजुंदस्वामी ही नावं आपल्याकडेसुद्धा फारशी कोणाला ठाऊक नाहीत.) या पदार्थातून लिथियम बाहेर पडू लागतं तेव्हा ते सगळीकडून सारखं विरळ होत नाही. लिथियम असलेला लोह फॉस्फेट आणि लिथियम नसलेला लोह फॉस्फेट अशी दोन रूपं शेजारीशेजारी नांदतात; एक घटतं, दुसरं वाढतं. बर्फाच्या पाण्यात थर्मामीटर ठेवला तर बर्फ बराच असो की थोडाच उरलेला असो, पारा शून्यावरच बसतो. तशी ही गत. दोन्ही रूपं हजर आहेत तोवर व्होल्टेज हलत नाही. चाळीस टक्के भरलेला सेल आणि साठ टक्के भरलेला सेल यांच्यात जेमतेम दहाएक मिलिव्होल्टचा फरक असतो, म्हणजे तेवढ्याशा फरकाआड छप्पन्न एएच दडलेले असतात. त्यातून नुकता चार्ज केलेला सेल आणि नुकता उतरवलेला सेल एकाच पातळीला थोडे वेगळे आकडे दाखवतात, तो घोळ निराळाच.

उलट बाजूनं मात्र हा आकडा कामाचा आहे. कारखान्यातून निघताना सेल साधारण अर्ध्याहून कमी भरलेले असतात आणि सारखे भरलेले असतात. समुद्रमार्गे न्हावा शेवाला उतरून, गोदामात पडून, टेम्पोतून आपल्यापर्यंत यायला आठवडे लागतात. एवढ्या प्रवासानंतर पंधरा सेल ३.२९ वर आणि एक ३.२० वर असेल, तर त्या एकाला बाजूला काढा. सपाट रेषेवर नव्वद मिलिव्होल्टची घसरण म्हणजे तो जवळजवळ रिकामा होत आलेला आहे. तो तसा का झाला, हे मग शोधायचं.

आता सेल हातात घ्या. त्याआधी अंगठी, घड्याळ, बांगड्या, गळ्यातली साखळी, मंगळसूत्र काढून ठेवा आणि पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. हे घाबरवायला सांगत नाही. अशा सेलचा अंतर्गत रोध एका ओहमच्या पाच हजाराव्या भागाइतका असतो. दोन टोकांवर पाना आडवा पडला तर हजारो अँपिअर वाहतात आणि पाना तिथेच चिकटून लाल होतो. एलएफपी सहसा पेट घेत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. पण तापलेल्या पान्याला सेलच्या रसायनाशी देणंघेणं नसतं.

डोळ्यांनी पाहण्यासारखं पुष्कळ असतं. टर्मिनलच्या सपाट चकतीवर गोल ओरखडा किंवा वॉशरचा वण दिसला तर तिथे आधी कोणीतरी बसबार (सेल जोडायची धातूची पट्टी) कसलेला आहे. नवा म्हणून विकलेला सेल एखाद्या पॅकमध्ये राहून आलेला असू शकतो. रुंद बाजूवर स्टीलची पट्टी उभी धरून पलीकडून टॉर्च मारा. मधोमध पट्टी टेकते आणि दोन्ही कडांना उजेड झिरपतो, तर सेल फुगलेला आहे. भरलेला सेल जरासा फुगतोच. पण अर्धवट भरलेल्या नव्या सेलचं पोट दिसायला नको. वरच्या झाकणावर मधोमध प्रेशर व्हेंट असतो, तो अखंड हवा. नाक जवळ नेल्यावर नेलपॉलिश रिमूव्हरच्या जातीचा गोडसर वास आला, तर कुठेतरी इलेक्ट्रोलाइट झिरपतोय आणि पुढच्या चाचण्यांची गरजच नाही. निळं वेष्टण कोपऱ्यात फाटलंय का, हेही बघा. बहुतेक सेलमध्ये आतला डबा धन टोकाशी थोडाफार जोडलेला असतो, त्यामुळे फाटक्या वेष्टणाचे दोन सेल एकमेकांना टेकले की नको तिथून वीज वाहायला वाट मिळते. काही विक्रेते पोचे आलेल्या डब्यावर नवंकोरं वेष्टण चढवतात; म्हणून वेष्टण फार चकचकीत असेल तर बोटांनी चाचपून बघावं.

झाकणावर लेसरने कोरलेला क्यूआर कोड असतो. चिनी प्रमाणकानुसार तो २४ अक्षरांचा असतो आणि त्यात उत्पादक, सेलची जात आणि उत्पादनाची तारीख असते. सोळाही सेलच्या तारखा एकमेकांच्या आसपास असतील तर ते एका घाण्याचे असण्याची शक्यता जास्त. कोड खरवडलेला असेल, किंवा आधीच्या कोडच्या खुणेवर दुसरा कोरलेला असेल, तर विक्रेत्याच्या ‘ए ग्रेड’ला काही अर्थ उरत नाही. तसाही त्या शब्दाला कायद्याचा आधार नाही. कारखान्यात पहिला चार्ज दिल्यावर सेल काही दिवस ठेवून देतात, मग त्याची क्षमता, रोध आणि व्होल्टेजची घसरण मोजतात. सगळ्या कसोट्यांना उतरलेला माल गाड्यांच्या आणि मोठ्या प्रकल्पांच्या कंपन्या उचलतात. एखाद्या कसोटीत मागे पडलेला माल व्यापाऱ्यांकडे जातो आणि तिथून पुढे त्याचा ग्रेड व्यापारी ठरवतो.

रोध मोजायला घरचा मल्टिमीटर चालत नाही. त्याच्या वायरींचाच रोध सेलच्या शेकडो पट असतो, शिवाय ओहमच्या जागेवर ठेवून तो जिवंत सेलला लावणं चूक आहे. त्यासाठी चार तारांचा, एक किलोहर्ट्झवर मोजणारा मिलिओहम मीटर लागतो. दोन तारा प्रवाह सोडतात, दुसऱ्या दोन व्होल्टेज वाचतात, त्यामुळे वायरींचा रोध हिशेबातून गळतो. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चौकशी केली तर मिळतो, नाहीतर ऑनलाइन. या आकाराच्या चांगल्या सेलला ०.१५ ते ०.२५ मिलिओहमच्या दरम्यान वाचन येतं. मीटरची टोकं टर्मिनलवरच्या खिळ्यावर न टेकवता त्याच्या चकतीवर टेकवा आणि ॲल्युमिनियमवरची ऑक्साइडची पुटी आधी पुसून घ्या. नाहीतर सेलच्या नावावर पुटीचा रोध चढतो. पंधरा सेल ०.१८ च्या आसपास आणि एक ०.३० असेल तर वेल्डिंगमध्ये किंवा आतल्या जोडांत पाणी मुरतंय. पण सगळे ०.१८ आले म्हणून नाचू नका. या चाचणीत आतली धातूची वाट आणि इलेक्ट्रोलाइट तेवढे तपासले जातात. क्षमता किती उरली आहे याची तिला फारशी खबर नसते.

क्षमता मोजण्याला आडवाट नाही. सेल ३.६५ व्होल्टपर्यंत भरायचा, त्याच व्होल्टेजवर धरून प्रवाह १४ अँपिअरपर्यंत उतरू द्यायचा, थोडा वेळ ठेवायचा आणि मग २.५ व्होल्टपर्यंत उतरवत किती एएच निघाले ते मोजायचं. कारखाने हे बहुधा २५ अंशांवर, १४० अँपिअरच्या प्रवाहाने करतात. घरी एवढा प्रवाह झेपत नाही. १४० अँपिअर म्हणजे साडेचारशे वॉट उष्णता खोलीत सोडणं. चाळीस अँपिअरच्या लोडवर एक सेल उतरायला सात तास लागतात. भरायचा वेळ धरला तर दिवसाला एक सेल, म्हणजे पॅकसाठी पंधरवडा. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो आणि ‘दोन-तीन सेल तपासले, बाकीचे तसेच असतील’ अशी तडजोड होते. ती करू नये. मिसळलेल्या मालात वाईट सेल नेमके कुठले, हे खोक्यावर लिहिलेलं नसतं.

आकडा वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. मंद प्रवाहावर सेल थोडा जास्त देतो, म्हणून घरी चाळीस अँपिअरवर २८० निघाले तर कारखान्याच्या कसोटीवर तेवढे निघणार नाहीत. पहिल्या प्रतीचा सेल नोंदीपेक्षा चार-आठ एएच जास्तच देतो, त्यामुळे घरच्या चाचणीत ‘बरोबर २८०’ आलेला सेल काठावरचा समजावा. दुसरी गोष्ट तापमानाची. पुण्यात डिसेंबरात पहाटे तपासलेला सेल आणि मे महिन्यात दुपारी तपासलेला तोच सेल वेगळे आकडे देतात. थंडीत क्षमता घटलेली आणि रोध वाढलेला दिसतो. म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी खोलीचं तापमान लिहायचंच. स्वस्त टेस्टर प्रवाहात एक टक्का चुकला तरी २.८ एएच इकडचे तिकडे होतात, आणि चांगला व काठावरचा यांतलं अंतर तेवढंच असतं. टेस्टर एकच असेल आणि परिस्थिती सारखी असेल तर ही चूक सगळ्या सेलला सारखीच लागते, आणि सेलची आपसांतली तुलना तरी शाबूत राहते.

मला विचाराल तर या तुलनेचंच मोल खरं. माळेत सगळ्या सेलमधून एकच प्रवाह वाहतो. पंधरा सेल २८५ चे आणि एक २७० चा असेल तर तो एक आधी २.५ व्होल्टला टेकतो, बीएमएस (सेलवर नजर ठेवणारं सर्किट) पुरवठा तोडतो आणि पॅक २७० चाच राहतो. बाकीच्यांत उरलेली वीज तशीच अडकून पडते. सगळे २७५ चे असलेला संच त्याहून बरा, आणि स्वस्तही. ‘सर्वांत जास्त क्षमतेचे सेल द्या’ असं म्हणण्याऐवजी ‘एकाच तारखेचे, जुळवलेले सेल द्या, प्रत्येकाच्या चाचणीचा कागद द्या’ असं म्हणावं. आणि एक सेल जादा मागवावा.

एक गोष्ट मात्र कुठल्याच मीटरला एका दिवसात सांगता येत नाही, ती म्हणजे सेल नुसता बसून किती गळतो. धातूचा एखादा सूक्ष्म कण आत राहिला, विभाजक पडद्याला कुठे बारीकशी इजा झाली, तर सेल क्षमतेत पूर्ण उतरतो, रोधात पूर्ण उतरतो आणि कपाटात बसल्या बसल्या रिकामा होत जातो. चांगला सेल महिन्याला फार तर दोन-तीन टक्के गमावतो. गळती पाहायला लोक सेल अर्धा भरून ठेवतात आणि महिन्याने परत मोजतात. पण तिथली रेषा सपाट असल्यामुळे दहा टक्के गळाले तरी मल्टिमीटरवर चार-पाच मिलिव्होल्टच हलतात. त्यापेक्षा रिकाम्या टोकाजवळ, जिथे रेषा तीव्र उतरते, तिथे ठेवावेत. क्षमता चाचणीनंतर सगळे सेल २.५ व्होल्टला उतरलेलेच असतात. प्रत्येकात मोजून १४ एएच, म्हणजे पाच टक्के, भरा, दोन दिवस स्थिरावू द्या आणि मिलिव्होल्टपर्यंत नोंद करा. मग सुटे, कोरड्या जागी, महिनाभर ठेवा. ज्या सेलमधून दोन टक्के जादा गळतील तो त्या पाचांतले दोन हरवून बसलेला असेल आणि त्याचा व्होल्टेज शेजाऱ्यांपेक्षा उघड उघड खाली दिसेल. मधे आठवड्याला एकदा मात्र नजर टाका. दोन व्होल्टच्या खाली गेलेल्या सेलमध्ये आतला तांब्याचा पत्रा विरघळू लागतो आणि मग तो भरणं धोक्याचं.

विक्रेत्याची तक्रारीची मुदत बहुधा या महिन्याच्या आत संपते, म्हणून क्रम तसा लावा. खोकं उघडतानाचा व्हिडिओ, बाहेरून पाहणी, व्होल्टेज आणि रोध पहिल्याच दिवशी, संशयितांची क्षमता आधी, बाकीच्यांची नंतर. तक्रारीत ‘सेल खराब आहे’ एवढंच लिहिलं तर उत्तरं टोलवाटोलवीची येतात. क्यूआर कोड, तापमान, प्रवाह, निघालेले एएच आणि टेस्टरच्या पडद्याचा फोटो असं सगळं एकत्र पाठवलं तर बदली मिळण्याची शक्यता वाढते. बदली न मिळालेला, पण गळत नसलेला २७० चा सेल टाकून देऊ नका. तशा जातीचे चार जमले की जिन्याच्या दिव्यांचा आणि वायफायचा १२.८ व्होल्टचा वेगळा पॅक होतो, अर्थात त्याचा स्वतंत्र बीएमएस लावून. गळणारा सेल मात्र कुठल्याच पॅकमध्ये घालू नये. तो ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राकडे द्यावा. सेल निवडून झाले की ते पहिल्यांदा एका पातळीला कसे आणायचे, आणि समांतर जोडून ३.६५ व्होल्टवर टांगून ठेवताना पॅक बिघडतो कुठे, ते पुढच्या भागात.